कोरडा हात

मला एक खोड आहे. कुणाचे नुकसान करणारी नव्हे; पण चारचौघांत बरी दिसणारीही नव्हे. बोलता बोलता मी माझा डावा हात पदराला पुसते. हात ओला नसतो, खरकटा नसतो, पीठ लागलेले नसते. तरी पुसते. साडी नसली तर ओढणीला, ओढणी नसली तर सोफ्याच्या कव्हराला. आमच्या घरात या खोडीवर पुष्कळ विनोद होऊन गेले. आमचे हे म्हणत, "तीस वर्षं स्वयंपाकघरात काढली की बाईमाणसाचे हात जन्मभर ओलेच राहतात!" मीही हसत असे. पाहुण्यांना हा विनोद पुष्कळदा मीच सांगत असे.

त्या खोडीची खरी गोष्ट मला वयाच्या ५५व्या वर्षी कळली. ती कुणी मला सांगितली नाही. माझ्या हातानेच सांगितली.

सुरुवात मात्र दातांनी केली. २०२२ सालच्या उन्हाळ्यात दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आरसा घालून दाढा पाहिल्या आणि विचारले, "रात्री कुणाशी भांडता, काकू?" मी झोपेत दात इतके आवळत होते की दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. त्यांनी झोपताना घालायला प्लॅस्टिकची एक पट्टी करून दिली. मग मान धरली. मग उजवा खांदा. सकाळी जाग येई तेव्हा उजवी मूठ घट्ट मिटलेली असे आणि तळहातावर नखांचे वळ उमटलेले असत. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, रक्त तपासले आणि प्रसन्न चेहऱ्याने सांगितले, "रिपोर्ट सगळे उत्तम आहेत." रिपोर्ट उत्तम आले की माणसाने पेढे वाटावेत, पण दुखणारी मान काही रिपोर्ट वाचत नाही.

आणि मग जुलैमधला तो दिवस आला. मुलगा त्याच्या मैत्रिणीला पहिल्यांदा घरी घेऊन आला होता. आम्ही तिघे बाहेर निघालो. पावसाची भुरभुर चालू होती. रस्ता ओलांडताना मी मुलाचे मनगट धरले. हे माझे नेहमीचेच. पण त्या दिवशी पलीकडच्या फुटपाथवर पोहोचलो तरी माझा हात सुटला नाही. त्याने हळूच माझी बोटे एकेक करून उचलली. त्याच्या मनगटावर माझ्या चार नखांचे ठसे होते. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. त्या मुलीकडे न पाहता तो खालच्या आवाजात म्हणाला, "आई, मी आता सात वर्षांचा नाही."

सातच वर्षे का, हे आमच्या घरात कुणालाही विचारावे लागत नाही.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईच्या माणसाला विसरता येणार नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, फोन बंद, मिठी नदी पात्र सोडून रस्त्यावर आलेली. मुलगा कलिन्याच्या शाळेत होता आणि आम्ही तेव्हा कुर्ल्याला राहत होतो. मी त्याला शाळेतून घेतले आणि चालत निघाले. पाणी गुडघ्याला होते ते कमरेला आले, मग छातीला. मुलाला मी एका हाताने धरले होते. काही तरुण पोरांनी दोरी बांधली होती. तिच्या आधाराने आम्ही एका इमारतीच्या जिन्यापर्यंत पोहोचलो. तिथल्या लोकांनी चहा दिला, कोरडे कपडे दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. दर दिवाळीला चकलीबरोबर तीही पाहुण्यांच्या पुढ्यात येई. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती की सांगताना माझ्या डोळ्यांत पाणीही येत नसे.

मुलाच्या मनगटावरचे ते ठसे पाहिल्यावर मी आमच्या डॉक्टरांना सारे सांगितले. त्यांनी एका मानसोपचार करणाऱ्या बाईंचे नाव लिहून दिले आणि म्हणाले, "त्या बोलण्याबरोबर शरीराकडेही बघतात. जाऊन तर या."

ह्यांना ते पटले नाही. म्हणाले, "हात हलवून दुःख जात असतं, तर आपले ट्रॅफिक पोलीस सगळ्यांत सुखी असते!"

बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पहिल्याच भेटीत त्यांनी मला 'काकू' करून टाकले. खोलीत दोन खुर्च्या होत्या. कोपऱ्यात गुंडाळलेली सतरंजी, एक मोठा रबरी चेंडू आणि टोपलीत रंगीत ओढण्या. मला वाटले, मी चुकून नाचाच्या क्लासात शिरले. बसल्याबरोबर मी माझी ती गुळगुळीत कहाणी सुरू केली. त्यांनी ती अर्ध्यावर थांबवली. "गोष्ट नंतर ऐकते, काकू. घाई नाही. आधी सांगा, आत्ता बोलताना पोटात काय होतंय?"

मी म्हणाले, "ॲसिडिटी."

त्या हसल्या, मीही हसले. पण पुढचे दोन महिने हाच अभ्यास चालला. काय वाटते, हे त्या विचारीत नसत; कुठे आणि कसे, हे विचारीत. घट्ट आहे की सैल? गरम की गार? जड, पोकळ की मुंग्या येतात? मला उत्तरे येत नसत. माझ्या शब्दकोशात दोनच नोंदी होत्या: 'बरं वाटतंय' आणि 'बरं वाटत नाही'. गंमत अशी की आपल्या मराठी भाषेला हे सारे केव्हापासून ठाऊक आहे! आपल्या पोटात गोळा उठतो, छातीत धस्स होते, हातपाय गळतात, कंठ दाटतो, अंगावर काटा येतो. रागावलेला माणूस दातओठ खातो. आपण हे शब्द इतके वापरले की ते अंगाविषयी आहेत, याचाच आपल्याला विसर पडला.

दुसरी शिकवण अशी की दुखऱ्या जागी फार वेळ थांबायचे नाही. मानेतला पीळ थोडा वेळ पाहायचा, मग लक्ष अंगातल्या एखाद्या निवांत जागेकडे न्यायचे. पुन्हा मानेकडे, पुन्हा निवांत जागेकडे. "तुमची निवांत जागा कोणती?" त्यांनी विचारले. मी आपादमस्तक शोधून आले. शेवटी सापडली ती डाव्या पायाची करंगळी. सबंध देहात एवढा एकच अवयव चिंतामुक्त होता! पण तेवढाही पुरला.

आमच्या ह्यांनी बँकेत ३४ वर्षे नोकरी केली. व्हाउचर पाहिल्याशिवाय पैसा पुढे सरकू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी रोखठोक विचारले, "या सगळ्याचं व्हाउचर कुठे आहे?" म्हणून मी वाचायला बसले. एकेक व्हाउचर त्यांच्यापुढे ठेवत गेले.

शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी १९२९ साली पुस्तक लिहून दाखवले की एकेक स्नायू आधी आवळून मग पुरता सैल सोडायला माणसाला शिकवता येते, आणि स्नायू सैलावले की मनाची तगमगही उतरते. फ्रॉइडचे शिष्य विल्हेल्म राइख यांनी १९३३ साली लिहिले की रुग्ण काय बोलतो एवढेच पाहू नये. तो कसा बसतो, श्वास कुठे अडवतो, जबडा कसा धरतो, हेही पाहावे. नको असलेल्या भावना अडवण्यासाठी माणूस स्वतःच्याच स्नायूंचे चिलखत चढवतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे राइख यांचे विचार भलत्याच वाटेने गेले आणि १९५७ साली अमेरिकेतल्या तुरुंगात त्यांचा अंत झाला; पण त्या चिलखताची कल्पना मागे राहिली. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात मॅरियन चेस नावाच्या नर्तकीने १९४२ साली काम सुरू केले. जे रुग्ण कुणाशी बोलत नसत, त्यांच्याशी ती हालचालीतून बोले. कुणी नुसता डुलत असेल तर तीही तशीच डुलू लागे. तुझे मला कळते आहे, हे सांगायची ती तिची रीत. १९६६ साली अमेरिकेत नृत्योपचाराची संस्था निघाली, तिची पहिली अध्यक्ष चेसच होती. आपल्याकडे २००४ साली सुरू झालेल्या 'कोलकाता संवेद' या संस्थेने, विकल्या गेलेल्या आणि सोडवून आणलेल्या मुलींसाठी हाच मार्ग धरला.

"आपल्या मुंबईचं काही?" ह्यांनी विचारले. तेही निघाले. १९६९ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, कित्येकांची औषधे कमी करता आली. हा प्रयोग रक्तदाबाचा होता, मनाचा नव्हे, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. मनाचा प्रयोग २०१४ सालचा, अमेरिकेतला. बेसल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या आघाताने पछाडलेल्या ६४ स्त्रिया घेतल्या. एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, शरीराकडे लक्ष देत करायचा योग. दुसऱ्या गटाला आरोग्याचे शिक्षण. शेवटी पहिल्या गटातल्या ३१ पैकी १६ जणींना तो आजार आहे असे म्हणता येईना. दुसऱ्या गटात अशा २९ पैकी ६.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "रक्कम लहान आहे. पण व्हाउचर खरं आहे."

बाईंनी मला कारण समजावले ते याहून सोपे होते. संकट आले की मेंदू सबंध देहाला तयार करतो. छाती धडधडते, श्वास वरचेवर होतो, स्नायू पळण्याच्या नाही तर झुंजण्याच्या तयारीत आवळतात. पळून झाले, झुंजून झाले की तयारी उतरते. पण ते काम अर्धेच राहिले तर? तर न्हाणीघरातला दिवा रात्रभर जळत राहावा आणि आपण निवांत झोपलो असताना मीटर फिरत राहावे, तसे होते. माझे मीटर १७ वर्षे फिरत होते.

माझ्या सासूबाईंनी हे ऐकले आणि ओठ मुरडले. "आमच्या वेळी कुठे होत्या या बाया? पहाटे जात्यावर बसायचं, दोन ओव्या म्हणायच्या, की मन हलकं!" मला ते खोटे वाटले नाही. खुंटा धरून पुढे-मागे होणारे अंग, त्या लयीत सुटणारा श्वास, आणि कुणाला सांगता येत नाही ते ओवीत घालायची मुभा. पण मी त्यांना विचारले, "आई, दळायचं नाही असं वाटलं तर?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना असे कुणी कधी विचारलेच नव्हते. आणि मला वाटते, फरक आहे तो इथेच. बाईंच्या खोलीतला पहिला नियम असा की थांबायचे असेल तेव्हा थांबायचे. न विचारता त्यांनी माझ्या खांद्यालाही कधी हात लावला नाही. शरीराच्या नावाखाली जो न विचारता हात लावतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, हेही त्यांनीच मला बजावले. आणि ज्याला औषध लागते त्याने औषधच घ्यावे, नाचून ते चुकवू नये, हेही.

तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "आता सांगा ती गोष्ट. हळूहळू. जमिनीवर पाय टेकून."

मी सांगू लागले. शाळा, पाऊस, कमरेइतके पाणी. त्यांनी मध्येच हात वर केला. "काकू, एक पाहिलंत का? पाण्याचं बोलायला लागल्यापासून तुम्ही डावा हात चार वेळा पुसलात."

मी नेहमीसारखी हसायला गेले. तीस वर्षे स्वयंपाकघरात, हा विनोद ओठांवर आलाही होता. पण तो बाहेर पडेना. मी माझ्या हाताकडे पाहत राहिले.

"उजव्या हातात मुलगा होता," त्या हळूच म्हणाल्या. "डाव्या हातात काय होतं?"

डाव्या हातात एक बाई होती.

वाचकहो, ही गोष्ट मी ह्यांनाही सांगितली नव्हती. पाणी छातीला आले तेव्हा एक अनोळखी बाई माझ्या शेजारी आली होती. माझ्याच वयाची. तिने माझा डावा हात धरला. तिच्या काचेच्या बांगड्या माझ्या मनगटाला रुतत होत्या. ती म्हणाली, "ताई, सोडू नका हं." आम्ही दहा-बारा पावले बरोबर चाललो. मग पाण्याचा मोठा लोंढा आला. मुलाचा पाय सुटला, तो पाण्याखाली गेला. मी त्याला ओढून वर काढले, छातीशी धरले, दोरी गाठली. आणि मागे पाहिले तेव्हा ती बाई नव्हती. ती वाहून गेली, की दुसऱ्या कुणी तिला ओढून घेतले, हे मला ठाऊक नाही. तिचे नावही ठाऊक नाही. पण १७ वर्षे माझ्या आत एकच प्रश्न होता, आणि मी त्याच्यावर ती गुळगुळीत गोष्ट झाकण म्हणून ठेवली होती. तिचा हात सुटला, की मी सोडला?

बाईंनी 'तुमचा दोष नाही' असे म्हटले नाही. ते म्हणणारी माणसे पुष्कळ मिळतात. त्यांनी मला उभे केले. पाय जमिनीत रोवून उभे राहायला सांगितले. टोपलीतली एक ओढणी घेतली. तिचे एक टोक माझ्या उजव्या हातात, दुसरे त्यांच्या हातात. दुसरी ओढणी तशीच डाव्या हातात. "आता उजव्या बाजूने हळू ओढ लागेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही ठरवू नका. अंगाला जे करायचंय ते अगदी सावकाश होऊ द्या. आणि बघत राहा."

ओढ लागली. माझा उजवा हात आवळला. पोट आत गेले, पाठ वाकली, मान उजवीकडे वळली. आणि डावा हात? मी डोळ्यांनी पाहिले. डाव्या हाताने ओढणी झटकली नाही, फेकली नाही. तो आपणहून उजव्या हाताच्या मदतीला निघाला. ओढणी बोटांत तशीच घेऊन तो छातीपर्यंत आला. तिथे दोन्ही हातांनी उजवी ओढणी धरायची होती. तेव्हा डावी बोटे उघडली.

मी मटकन सतरंजीवर बसले आणि रडले. १७ वर्षांत त्या बाईसाठी पहिल्यांदा रडले. कितीतरी वेळाने ध्यानात आले, की जबडा सैल झाला आहे आणि मी तोंडाने श्वास घेते आहे, लहान मुलासारखी.

"याला पुरावा समजू नका," बाई नंतर म्हणाल्या. "अंगाची आठवण म्हणजे कोर्टातली साक्ष नव्हे. तेव्हा नेमकं काय झालं, ते आपल्याला आता कळणार नाही." ते मला मान्य आहे. ती बाई वाचली की नाही, हेही मला कधी कळणार नाही. पण एवढे कळले की माझा हात निर्दय नव्हता. तो दोन हातांचे काम करू पाहत होता आणि त्याला ते जमले नाही. पुढच्या भेटीत बाईंनी मला तोच हात सावकाश मागे, त्या बाईच्या दिशेने, पसरायला सांगितला. पाण्यात ते करायचे राहून गेले होते. हात पुरता पसरायला मला दहा मिनिटे लागली. खांद्यातून काहीतरी उकलत गेले. त्या रात्री मी ह्यांना सारे सांगितले. ते काही बोलले नाहीत. माझा डावा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. ट्रॅफिक पोलिसांचा विनोद त्यानंतर आमच्या घरात झाला नाही.

हे सारे एका दिवसात झाले, असे कुणी समजू नये. अकरा महिने मी जात होते. कित्येक भेटींत काहीच घडले नाही. एकदा तर मी खुर्चीवर झोपून गेले. दातांची पट्टी अजून लागते, पावसाळ्यात मानही धरते. फरक एवढाच की मान धरली की आता मी तिच्यावर चिडत नाही. काय आठवले, म्हणून विचारते.

२०२३च्या सप्टेंबरात मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला. विमानतळावर आत जाण्याआधी मी त्याला विचारले, "तुझा हात धरू का रे थोडा वेळ?" आजवर मी कधी विचारलेच नव्हते. त्याने हात पुढे केला. मी धरला. मनगट नव्हे, हात. उबदार होता. पाठीमागे रांग खोळंबली होती. मग मीच सोडला.

खोड गेली का, असे तुम्ही विचाराल. पुरती नाही. परवाच भाजणीचे पीठ भिजवताना हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "पुन्हा पुसलास बघ हात!" मी खाली पाहिले. पदराला पिठाचा आणि पाण्याचा ओला डाग पडला होता.

"अहो, ओला होता," मी म्हटले, आणि सोऱ्यात पीठ भरायला घेतले.